दुर्गाबाईंची आई

अभिनेत्री दुर्गा खोटे जबलपूरकरांना आपल्या वाटाव्यात असा एकच धागा आहे, तो नट प्रेमनाथचा. जबलपूरची एम्पायर टॉकीज त्याच्या मालकीची होती, त्यामुळे जबलपूरजवळच्या आमच्या बरगीकडचे म्हातारे अजूनही त्याचं नाव ओळखीच्या मुलाचं घ्यावं तसं घेतात. ‘बॉबी’मधला (१९७३) दिलदार, आरडाओरडा करणारा कोळी जॅक ब्रगँझा म्हणजे हा प्रेमनाथ, आणि त्याच्या आईचं काम केलंय दुर्गाबाईंनी. वयं काढून बघा. प्रेमनाथ १९२६ सालचा, दुर्गाबाई १९०५च्या. एकवीस वर्षांचं अंतर, म्हणजे मायलेकांचा हिशेब चोख बसतो. हिंदी सिनेमात हे अप्रूपच, कारण तिथे नायकाहून चार वर्षांनी मोठी असलेली बाईसुद्धा पांढरा टोप लावून त्याला दुधाची शपथ घालायला मोकळी असते.

दुर्गाबाईंबद्दल लिहिणारे ‘राजस’, ‘खानदानी’, ‘रुबाबदार’ हे तीन शब्द वापरल्यावाचून पुढे जात नाहीत. शब्द बरोबरच आहेत. पण रुबाब हा त्यांच्या अभिनयाचा पेहराव झाला. त्याच्या आत बघितलं तर त्यांच्या उत्तम भूमिकांमध्ये एकच बाई पुन्हा पुन्हा दिसते. जिचा मुलगा हिरावला गेलाय, किंवा मुलासाठी जिने सगळं पणाला लावलंय, किंवा मुलावरचा हक्क जिला सोडवत नाहीये अशी आई. एकच राग, पण कधी विलंबितात, कधी द्रुतात, आणि उतारवयात तर चक्क ठुमरीच्या खट्याळपणाने. ही मांडणी कशी बदलत गेली ते बघण्यात खरी मजा आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात उरकतो. मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातला जन्म, वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये, लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली. पदरात दोन मुलगे होते. शिकवण्या करून भागेना म्हणून त्या १९३१च्या ‘फरेबी जाल’मध्ये दहाएक मिनिटांचं काम करायला उभ्या राहिल्या. चित्रपट सुमार होता आणि जाहिरात झाली ती घराण्याच्या नावावर. चांगल्या घरची बाई तोंडाला रंग फासते म्हटल्यावर जे बोललं जायचं ते सगळं बोललं गेलं. दुसरी एखादी कायमची घरी बसली असती. पण तेवढ्या दहा मिनिटांत प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांतारामबापूंना जे दिसायचं ते दिसलं, आणि प्रभातच्या पहिल्या बोलपटाची नायिका ठरली. ‘अयोध्येचा राजा’, १९३२. दुर्गाबाई तारामती, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र.

या तारामतीची थोरवी कळायला तिची पूर्वपीठिका ठाऊक हवी. एकोणीस वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नव्हती. ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. इकडे रंगभूमीवर बालगंधर्वांनी मराठी माणसाच्या मनात स्त्रीसौंदर्याची एक मूर्ती पक्की बसवलेली. पदर कसा घ्यावा, मान कुठे वळवावी, लाजताना खांदा किती चोरावा, हे पुरुषाने शोधलेलं बाईपण घरोघरच्या बायकांनी उचललं होतं. त्या प्रेक्षकासमोर दुर्गाबाई आल्या.

‘अयोध्येचा राजा’ पाहताना त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. हात पदराशी काही करत नाहीत. पदर आहे तिथे आहे. स्त्रीपार्टी नटाला आपण बाई आहोत हे क्षणोक्षणी सिद्ध करावं लागे, म्हणून त्याचं प्रत्येक बोट कामाला लागलेलं असायचं. दुर्गाबाईंना ते सिद्ध करायचंच नाहीये. चालताना पाऊल पूर्ण टेकतं, वळताना आख्खं शरीर वळतं, नुसती मान नाही. राजवाड्यातली राणी आणि काशीच्या बाजारात विकली गेलेली दासी यांची चाल त्यांनी जवळजवळ एकच ठेवलीय. बदलला आहे तो नजरेचा टप्पा. राणीची नजर दूर जाते, दासीची दोन हातांवर थांबते. हिरे-मोती उतरवून जाडंभरडं नेसवलं की झाली दासी, असं मानणाऱ्या काळात हा फरक त्यांना सुचला याचं नवल वाटतं.

मग ती अंगाई. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. जो पडद्यावर दिसेल त्यानेच, कॅमेरा चालू असताना, मायक्रोफोनच्या टापूत राहून गायचं, आणि वादक चौकटीबाहेर लपवायचे. त्यातून प्रभातवाले प्रत्येक प्रसंग मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित करत. संगीत टेंब्यांचं. टेंबे म्हणजे हार्मोनियमवरचा जादूगार हात आणि संगीत नाटकांच्या वैभवकाळात मुरलेला माणूस. त्यांनी मनात आणलं असतं तर चार ताना घालणारं पद बांधलं असतं. तसं न करता त्यांनी दुर्गाबाईंच्या गळ्याच्या आवाक्यातली, शब्दांना धरून चालणारी चाल दिली. आणि दुर्गाबाई ती गातात कुणासाठी? शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी मुळीच नाही, मांडीवरच्या पोरासाठी. आवाज लहान आहे, किंचित कापरा आहे, ओळीच्या शेवटी श्वास उरलेला ऐकू येतो. गवई नाक मुरडेल. पण झोपवणारी आई दमलेली असते, आणि तो दम त्या गाण्यात आलाय. संगीत नाटकातल्या गायकीपुढे हे गाणं काहीच नाही. अभिनयाच्या अंगाने मला ते त्या काळातल्या किती तरी गाजलेल्या पदांहून सरस वाटतं.

याच चित्रपटातला स्मशानाचा प्रसंग मात्र सावधपणे पाहावा लागतो. मुलगा गेलेला, त्याच्या खुनाचा आळ तिच्यावर, आणि समोर डोंबाची चाकरी करणारा नवरा. प्रसंग इतका ठासून भरलेला की नट वाहवतोच. टेंबे रंगभूमीच्या वळणाने बोलतात. वाक्याचा शेवट लांबवतात, शब्दाला हेल देतात. दुर्गाबाईंना रंगभूमीचं ते शिक्षण नव्हतं. उणीव म्हणायची तर उणीव. पण त्यामुळे त्यांचं वाक्य जिथे संपतं तिथे संपतं. तो राजा पुराणात उभा राहून बोलतो आणि ती चूल-मूल करणाऱ्या बाईसारखी बोलते. हा विसंवाद दिग्दर्शकाने हेतूने ठेवला की तो आपसूक झाला, याचा निवाडा मी करत नाही. बघणाऱ्याला त्यातून मिळतं ते एवढं, की सत्य पुरुषाच्या वाट्याला आणि त्याची किंमत बाईच्या. दोघं एका सुरात रडली असती तर हे दिसलं नसतं.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, शेजारी पाळलेला चित्ता घेऊन. त्या चित्त्यावरच लोक आजवर बोलत आलेत; भूमिका फार खोल नाही. खरी पुढची पायरी म्हणजे ‘अमरज्योती’ (१९३६). सौदामिनीला कायदा तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो, आणि ही बाई राज्याविरुद्ध बंड करून समुद्रावर चाचेगिरी करते. दुर्जय नावाच्या मंत्र्याला पकडून त्याचा पाय तोडायला लावते. तारामतीने जे मुकाट सोसलं त्याचं व्याज सौदामिनी वसूल करते, असं म्हणायला हरकत नाही.

इथे त्यांच्यासमोर चंद्रमोहन होता. त्याचे ते मोठे घारे डोळे प्रभातने ‘अमृतमंथन’मध्येच गाजवलेले. अशा नटासमोर डोळ्यांनी लढायला जाणं म्हणजे हार. दुर्गाबाई ती लढाई टाळतात. तो डोळे विस्फारतो तेव्हा यांच्या पापण्या किंचित खाली येतात, आणि हनुवटी तेवढीच वर. रागाचं वजन डोळ्यांतून काढून त्यांनी मानेत ठेवलंय. सुडाचा आनंद त्या एकदाही दाखवत नाहीत. क्रूर वागतानाही चेहऱ्यावर काहीतरी अपुरं राहून गेल्याची खूण असते. सूड पुरा झाला तरी मूल परत मिळत नाही, हे संवादात नसलं तरी तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. गलबतं, वादळं, कातडी पट्टे हा सगळा थाट आज जुना वाटतो. ती मान मात्र अजून ताजी आहे.

चाळिशीच्या दशकाच्या तोंडाशी त्यांनी धाडस केलं ते वेगळंच. नायिकेचं वय आणि मान अजून हातात असताना त्या अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मध्ये (१९४१) छळ करणारी सासू झाल्या. सून वनमाला. पाठोपाठ विजय भट्टांच्या ‘भरत भेट’मध्ये (१९४२) कैकेयी. शोभना समर्थ सीता असताना कैकेयी पत्करायची! आणि आठच वर्षांपूर्वी, देवकी बोसांच्या ‘सीता’मध्ये (१९३४), त्या स्वतः सीता होत्या. सासू आणि कैकेयी या दोन्ही भूमिका आईच्याच आहेत, फक्त आतड्याची माया आता दुसऱ्याच्या मुळावर उठलेली. कैकेयीची गंमत अशी की तिने ज्याच्यासाठी सगळं केलं तोच तिला नाकारतो. ही बाई दुष्ट म्हणून उभी केली की काम सोपं. दुर्गाबाई तिला मुलाचं भलं चिंतणारी शहाणी बाई म्हणून उभी करतात, आणि भरताने राज्य झिडकारल्यावर आपलं काय चुकलं हे तिला खरोखरच कळत नाही. हे न कळणं ज्या नटीला दाखवता येतं तिला खलनायिका म्हणून चालणार नाही.

रंगभूमीवर त्यांनी केलेलं काम आपल्याला आता पाहायला मिळणार नाही, म्हणून त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही. एकाच गोष्टीचा उल्लेख करतो. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलं ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाने केलं, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल हा इंग्रज, नायक नानासाहेब फाटक आणि नायिका दुर्गाबाई. इंग्लंडात एलन टेरी, पुढे सिबिल थॉर्नडाइक अशा मोठ्या नट्यांनी आपला कस लावलेली ही लेडी मॅकबेथची भूमिका. मूळ नाटकात या बाईचं मूल रंगमंचावर कधीच येत नाही, पण अंगावर पाजल्याची आठवण काढून ती जे भयंकर बोलते त्याने अंगावर काटा येतो. तारामती आणि कैकेयी दोघी पचवलेल्या नटीने ते वाक्य कसं टाकलं असेल, याची कल्पना करत बसावं. छायाचित्रांत आवाज नसतो.

आता जोधाबाई. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि जोधाबाईला फार थोड्यांनी. पृथ्वीराज कपूर अकबर. ‘सीता’मध्ये राम तेच होते, सव्वीस वर्षांनी हे जोडपं पुन्हा सिंहासनावर बसलं. मधल्या काळात पृथ्वीराजांचा आवाज नाटकांनी कमावून खणखणीत झालेला, आणि के. आसिफ यांनी त्याला मोकळं रान दिलेलं. संवाद भरजरी उर्दूत. घरात कोकणी-मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढलेल्या बाईने या तोफखान्यासमोर काय करावं?

त्या लय बदलतात. अकबराचं वाक्य चढत जातं आणि शेवटच्या शब्दावर कोसळतं. जोधाबाईचं वाक्य वरून सुरू होतं आणि शेवटाकडे उतरत जातं. त्यामुळे दोघांच्या प्रसंगात आवाज एकमेकांवर आपटत नाहीत; एकाची सम दुसऱ्याची सुरुवात होते. सलीमशी तिचा वाद होतो तो प्रसंग आठवा. आपला हिंदुस्थान म्हणजे काही सलीमचं मन नाही की दासीने त्याची मलिका व्हावं, अशा अर्थाचं ती मुलाला सुनावते, आणि सलीम नेमकी तीच रचना उलटवून आपल्या मनावर कुणाची सत्ता चालणार नाही असं उत्तर देतो. टाळ्या पडतात त्या दिलीपकुमारच्या उत्तराला. पण ते उत्तर ज्या वाक्यावर तोललंय ते दुर्गाबाईंचं, आणि त्यांनी ते रागाने फेकलं असतं तर सलीमचं उत्तर नुसतं उद्धट वाटलं असतं. त्या ते राणीच्या ठामपणाने, जवळजवळ समजावणीच्या सुरात म्हणतात. समोरच्या नटाला टाळी बांधून देणारा नट फार मोठा असतो.

दुसरा प्रसंग सलीमविरुद्ध युद्धाला निघालेल्या अकबराचा. नवरा जिंकावा असं मागावं तर मुलगा जातो, मुलगा वाचावा असं मागावं तर कुंकू जातं. दुसऱ्या कुणी या पेचात हंबरडा फोडला असता. दुर्गाबाईंचा आवाज फुटतो तो शब्दाच्या मध्यावर नाही, दोन शब्दांच्या मधल्या जागेत. शब्द स्वतः शाबूत बाहेर येतात. राणी म्हणून बोलणं आणि आई म्हणून मोडणं, ही दोन कामं त्यांनी अशी वाटून दिलीत. आणि शीशमहालातल्या त्या जगप्रसिद्ध गाण्यात, जेव्हा आरशा-आरशात अनारकली नाचत असते, तेव्हा एकदा तिच्यावरून नजर काढून तख्ताशेजारच्या जोधाबाईकडे बघा. तिला तिथे एकही शब्द दिलेला नाही. नवऱ्याचा राग आणि मुलाचं खूळ यांच्या मधोमध बसून राहणं एवढंच काम. बसून राहण्याचा अभिनय फार अवघड असतो, आणि तो करणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी हा सगळा भरजरी डोलारा मोडून दाखवला. ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) हा मर्चंट-आयव्हरी जोडीचा पहिला चित्रपट. रूथ प्रॉवर झाबवाला यांची कथा, सुब्रत मित्रांचा कॅमेरा, आणि तो ‘घरबार’ नावाने हिंदीतही झाला. दिल्लीतला तुटपुंज्या पगाराचा मास्तर प्रेम म्हणजे शशी कपूर, त्याची नवखी, गरोदर बायको लीला नायडू. या नुकत्या रांगू लागलेल्या संसारात प्रेमची आई राहायला येते. दुर्गाबाई! जोधाबाईचाच प्रश्न इथे दोन खोल्यांच्या घरात आलाय: मुलगा कुणाचा?

ही आई भांडत नाही. तिची कला कुरकुरीची आहे. जेवताना, पंख्याखाली बसल्यावर, मुलाच्या कपड्यांकडे बघताना ती तक्रारीचं सूत अखंड कातत असते, आणि त्यात सुनेचं नाव न घेता सून येते. दुर्गाबाईंचं इंग्रजी पक्क्या मुंबईच्या शाळेत घडलेलं. इथे ते त्यांनी जाणून सैल सोडलंय. हिंदी घरातल्या आईचा हेल त्यात आलाय, वाक्य संपलं असं वाटतानाच शेपूट निघतं. आणि हात! तीस वर्षं ज्यांनी पडद्यावर हात आवरून धरले, त्या इथे हात मोकळे सोडतात. बोटं पदराला, ताटाला, मुलाच्या बाहीला सतत लागलेली. राणीला हाताने काही करावं लागत नाही. ही बाई हाताने हक्क सांगते. मुलाच्या मनात, आई आता गेली तर बरं, असा विचार येऊ लागतो आणि त्याची त्यालाच लाज वाटते. आपल्यालाही दोन्ही वाटतं. तिचा वैताग येतो, पण तिचा राग येत नाही. विनोदी भूमिका म्हणून मराठीत हिची चर्चा व्हायला हवी होती, झालेली नाही. मी तरी ही त्यांची सर्वांत अवघड भूमिका मानतो, जोधाबाईपेक्षाही.

त्यांच्या खासगी आयुष्यातही पुत्रवियोग आला. धाकटा मुलगा हरिन अकाली गेला. त्याची पत्नी विजया, पुढे विजया मेहता म्हणून मराठी रंगभूमीवर काय करून गेली ते सर्वज्ञात आहे. पण या दुःखाची किल्ली घेऊन भूमिकांची कुलपं उघडायला जाऊ नये. तारामती त्यांनी साकारली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि घरी लहान मुलं होती. दुःख त्यांनी निरीक्षणातून आणि कसबातून उभं केलं; त्याचं श्रेय आयुष्याला देऊन टाकणं हा कलावंतावर अन्याय आहे.

‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’ अशा चित्रपटांतून त्या येत राहिल्या, कधी दोन-चार प्रसंगांपुरत्या. ‘बॉबी’तल्या मिसेस ब्रगँझा या ऋषी कपूरला सांभाळलेल्या दाई. म्हणजे पृथ्वीराजांची पत्नी, शशीची आई आणि ऋषीची दाई. कपूरांच्या तीन पिढ्यांशी त्यांनी पडद्यावर नातं जोडलं. इथे मूल दुसऱ्याचं आहे आणि जीव लावलाय हिने. हक्काची भाषा संपलीय. पांढऱ्या केसांची ख्रिस्ती म्हातारी लाडाने बोलते तेव्हा आवाजात कुठेही मागणं नसतं. तारामतीच्या अंगाईतला लहान आवाज इथे परत ऐकू येतो, फक्त आता तो थकलेला नाही, निवलेला आहे.

फिल्मफेअरने त्यांना गौरवलं ते १९७४च्या ‘बिदाई’साठी, सहायक अभिनेत्री म्हणून. फाळके पुरस्कार १९८३चा. त्यानंतरही त्यांच्या संस्थेने दूरदर्शनसाठी ‘वागळे की दुनिया’ काढली. १९९१ मध्ये त्या गेल्या. ‘मी दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलं नसेल तर जरूर वाचा, पण त्याआधी ‘द हाउसहोल्डर’ मिळवून पाहा. मग लगेच ‘अयोध्येचा राजा’ लावा आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त त्यांच्या हातांवर लक्ष ठेवा.